लाल कॉलनी दिसली म्हणजे संपादन झालं का? पदवीच्या वर्गाला जनुक संपादन शिकवताना

प्रश्न असा आहे. एका नव्या प्राध्यापकांना पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या २४ विद्यार्थ्यांसाठी क्रिस्परवर (डीएनए हव्या त्या जागी कापून जनुक बदलण्याच्या तंत्रावर) सत्रभराचा प्रयोगशाळा अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. हाताशी १४ आठवडे आहेत, आठवड्याला ३ तासांची दोन प्रात्यक्षिकं. विद्यार्थ्यांनी याआधी संशोधन केलेलं नाही. ते विचारतात, "ठरलेलं प्रात्यक्षिक नको, खरं संशोधन हवं आहे. पण कोणता सजीव घ्यावा? प्रयोग फसले तर काय? आणि गुण कशाचे द्यायचे?"

आधी थोडक्यात सांगते. यीस्ट घ्या, एकच जनुक घ्या, प्रत्येक जोडीला त्या जनुकातला वेगळा बदल द्या, आणि सगळा अभ्यासक्रम "संपादन झालं हे कशावरून?" या एका प्रश्नाभोवती बांधा. डीएनए कापणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटांनी २०१२ साली परीक्षानळीत दाखवलं की कॅस९ हे प्रथिन त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए बदलून हव्या त्या जागी डीएनए कापू शकतं. २०२० साली त्या दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज तोच प्रयोग पदवीचा विद्यार्थी एका दुपारी करतो. आपल्याला हवा होता तोच बदल झाला, दुसरा नाही, हे पुराव्याने दाखवणं मात्र अजूनही कठीण आहे, आणि विद्यार्थी खरं विज्ञान तिथेच शिकतो. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पहिल्या दोन तुकड्या गेल्या, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

नेहमीच्या प्रात्यक्षिकात उत्तर शिक्षकांना ठाऊक असतं, आणि ते त्यांना ठाऊक आहे हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. त्यामुळे तो निकाल शोधत नाही, निकाल "आणतो". जेलवर बँड (डीएनएची पट्टी) आला नाही तर शेजारच्या गटाचा फोटो चिकटवतो. त्यात मी त्याला दोष देत नाही, आपण त्याला तेच काम दिलेलं असतं. संशोधनावर आधारलेल्या अभ्यासक्रमांची वाट इतरांनी आधीच घालून दिली आहे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या पाठबळावर २००८ साली सुरू झालेल्या फेज-शोधाच्या कार्यक्रमात पहिल्या वर्षाची मुलं मातीतून जीवाणूंचे विषाणू वेगळे करतात आणि त्यांच्या जीनोमचं वाचन करतात. २०१४ साली या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी अशा अभ्यासक्रमांची पाच लक्षणं मांडली: विज्ञानाच्या कार्यपद्धतींचा वापर, नवा शोध, वर्गाबाहेरही महत्त्व असलेलं काम, सहकार्य आणि पुनरावृत्ती. यातली पहिली चार कागदावर सहज आणता येतात. पाचवी, म्हणजे फसलेला प्रयोग समजून घेऊन पुन्हा करायला वेळ ठेवणं, वेळापत्रकात सगळ्यात आधी कापली जाते. ती कापली की संशोधन संपलं.

सजीव निवडताना "दिसायला आकर्षक काय" असा विचार करू नका. "चूक झाली तर पुन्हा करायला किती दिवस लागतील" असा विचार करा. झेब्राफिशमध्ये रंगद्रव्याचं जनुक मोडलं तर दोन दिवसांत फिकट भ्रूण दिसतात आणि वर्ग थक्क होतो. पण एकपेशीय अवस्थेतल्या अंड्यात सुई टोचायला हात बसावा लागतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानग्या वेगळ्या लागतात. अरॅबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती सुंदर आहे, पण फुलं बुडवून पुढच्या पिढीचं बी हाती येईपर्यंत सत्र संपतं. ई. कोलाय (जीवाणू) स्वस्त आणि वेगवान आहे, फक्त तिच्याकडे कापलेली टोकं थेट जोडण्याची यंत्रणा सहसा नसते. गुणसूत्र कापलं की पेशी मरते, म्हणून पुनर्संयोजनाची वेगळी व्यवस्था बाहेरून द्यावी लागते. मानवी पेशींचं संवर्धन पहिल्याच अभ्यासक्रमात नकोच. एक दूषित फ्लास्क तीन आठवडे खातो.

यीस्ट ३० अंशांवर साधारण दीड तासात दुप्पट होतं, दोन-तीन दिवसांत कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला, डोळ्यांना दिसणारा ठिपका) देतं, आणि तुटलेला डीएनए दुरुस्त करताना जुळणारा साचा मिळाला तर तोच वापरायला त्याला फार आवडतं. साधारण ९० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा साचा म्हणून दिला की पुरतो. त्याचा एकगुणित वाण घेतला की प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे सिक्वेन्स (डीएनएचा अक्षरक्रम) वाचताना दोन प्रतींचा घोळ होत नाही.

जनुक कोणतं? माझ्या मते एडीई२. अ‍ॅडेनिन तयार करण्याच्या साखळीतल्या एका पायरीचं एन्झाइम या जनुकातून बनतं. ते बंद पडलं की आधीच्या पायरीचा पदार्थ साचतो, पेशीच्या रिक्तिकेत त्याचं लाल रंगद्रव्य होतं, आणि पांढरी असायची ती कॉलनी लालसर दिसते. माध्यमात अ‍ॅडेनिन कमी ठेवावं लागतं, हे विसरू नका. अ‍ॅडेनिन भरपूर मिळालं की यीस्ट ती साखळी चालवतच नाही आणि रंग येत नाही. प्लेट दोन-तीन दिवस वाढवून मग ४ अंशांवर काही दिवस ठेवल्या की रंग गडद होतो. घाईने तिसऱ्या दिवशी मोजणी करणारे गट निम्म्या फिकट कॉलनी "पांढऱ्या" म्हणून लिहून टाकतात.

इथवरचं वाचून वाटेल की एडीई२ मोडायचं, लाल कॉलनी दाखवायची, झालं. पुष्कळ ठिकाणी तेवढंच करतात. ते प्रात्यक्षिक चांगलं आहे, पण त्यात शोध नाही, कारण उत्तर आधीच माहीत आहे. मी तोच सेटअप ठेवून प्रश्न बदलते. एडीई२ चं प्रथिन ५७१ अमिनो आम्लांचं आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. अनेक जीवाणूंमध्ये हीच दोन कामं दोन वेगवेगळी प्रथिनं करतात. विद्यार्थ्यांनी बुरशींचे आणि जीवाणूंचे सिक्वेन्स एकाखाली एक मांडायचे, कुठली अमिनो आम्लं सगळीकडे तीच राहिली आहेत ते पाहायचं, आणि त्यांतलं एक निवडून बदलायचं. संपूर्ण जनुक मोडायचं नाही, एकच अमिनो आम्ल बदलायचं. मग कॉलनी लाल येईल, पांढरी येईल की मधलीच गुलाबी? निवडलेल्या जागेबद्दल हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं, मलाही नाही. १२ जोड्या, १२ जागा. सत्राअखेर त्या प्रथिनाचा एक छोटा नकाशा तयार होतो आणि पुढची तुकडी त्यात भर घालते. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मॅडम, आमचं उत्तर बरोबर आहे हे तुम्ही कसं तपासणार?" मी म्हटलं, "मला तपासता येणार नाही, तुम्हीच मला पटवून द्यायचं." त्यानंतर वर्गाची बसण्याची पद्धतच बदलली.

आता मूळ मुद्द्यावर येते. लाल कॉलनी दिसली की विद्यार्थी आनंदाने म्हणतात, "संपादन झालं." त्या क्षणी मी त्यांना फळ्यापाशी नेते. लाल म्हणजे काय काय असू शकतं? एक, हवा तोच बदल झाला आणि त्याने एन्झाइम बंद पडलं. दोन, साचा वापरलाच गेला नाही. पेशीने तुटलेली टोकं तशीच जोडली, एखादा बेस गळला, वाचनचौकट (अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकली आणि एन्झाइम बंद पडलं. दोन्ही कॉलनी सारख्याच लाल. पांढरी कॉलनी तर त्याहून फसवी. कॅस९ ने कापलंच नसेल. किंवा बदल झाला असेल, पण एन्झाइमला त्याची पर्वा नसेल, आणि हा तर महत्त्वाचा निकाल आहे! किंवा बदलही झाला, एन्झाइमही बंद पडलं, पण त्या पेशीची मायटोकॉन्ड्रियातली श्वसनक्षमता गेलेली असेल. अशा पेशींना लाल रंग येत नाही आणि त्यांच्या कॉलनी बारीक राहतात. म्हणून प्लेटकडे बघताना रंगासोबत आकारही लिहायचा. डोळ्याने दिसणाऱ्या एका खुणेमागे किती वेगवेगळ्या गोष्टी दडू शकतात, हे एवढ्या ठळकपणे शिकवणारी दुसरी व्यवस्था मला अजून सापडलेली नाही.

यातून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले नमुने, कशासाठी हे आपोआप उमगतं. मी कंट्रोलची यादी देत नाही, मुलांकडून काढून घेते. शेवटी चार प्लेट ठरतात. कॅस९ आहे पण गाइड नाही, ही पहिली. इथे भरपूर पांढऱ्या कॉलनी याव्यात, त्यावरून पेशींनी प्लाझ्मिड (कॅस९ चं जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) घेतलं हे कळतं. गाइड आहे पण साचा नाही, ही दुसरी. कापलेलं गुणसूत्र बहुतेक पेशींना झेपत नाही, त्यामुळे इथे मोजक्याच कॉलनी दिसतात. गाइडही आहे आणि साचाही, ही तिसरी. इथे संख्या पुन्हा वर येते. चौथी, डीएनए न घातलेल्या पेशी, जिथे काहीच उगवू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटमधला फरक हा माझ्या दृष्टीने सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत बोलका आकडा आहे. रंग येण्याआधीच तो सांगतो की कापलं गेलं आणि दुरुस्तीही झाली. दुसऱ्या प्लेटवर पहिलीइतक्याच कॉलनी असतील, तर गाइड चालला नाही, मग पुढे सिक्वेन्सिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

पहिले तीन आठवडे पिपेटला हात लावू देऊ नका, निदान खऱ्या प्रयोगासाठी तरी. गाइड आणि साचा यांची रचना कागदावर, मग संगणकावर. गाइड सुचवणारी मोफत संकेतस्थळं आहेत आणि ती वापरायचीच, पण आधी एकदा हाताने. छापलेल्या सिक्वेन्सवर पेन्सिलीने "एनजीजी" शोधायचं, म्हणजे कोणताही एक बेस आणि पुढे दोन जी. हा पॅम, म्हणजे कॅस९ ला कापण्यासाठी शेजारी लागणारी खूण. त्याच्या आधीचे २० बेस म्हणजे गाइड. पॅमपासून तीन बेस अलीकडे काप. उलट्या धाग्यावरही हेच शोधायचं, आणि तिथे मुलं हमखास गोंधळतात, कारण उलट्या धाग्यावरचा पॅम छापील ओळीवर "सीसीएन" असा दिसतो. दरवर्षी किमान दोन गट पॅमसकट २३ बेसचा गाइड मागवायला निघतात. पॅम डीएनएवर हवा, गाइडमध्ये नको. ही चूक कागदावरच पकडली तर तिचा धडा होतो, मागवल्यावर पकडली तर दोन आठवडे जातात.

साच्याची रचना याहून खोल आहे. साच्यातून नवा बदल बसला, पण पॅम आणि गाइडची जागा जशीच्या तशी राहिली, तर कॅस९ पुन्हा येऊन कापणार. म्हणून साच्यात पॅमही मोडावा लागतो, आणि तोही प्रथिन न बदलता, म्हणजे त्याच अमिनो आम्लाचा दुसरा कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) वापरून. एका जोडीचा पॅम नेमका वाचनचौकटीत बसला होता: टीजीजी. दोघी अर्धा तास कोडॉनच्या तक्त्यावर बोट फिरवत होत्या. टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, आणि ट्रिप्टोफॅनला दुसरा कोडॉनच नाही. एकीने चिडून तक्ता पालथा घातला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, "पॅम नाही मोडता येत, तर गाइडची जागा मोडू." मग त्यांनी वाचून काढलं की पॅमला लागून असलेले १०-१२ बेस जुळणीसाठी सर्वांत महत्त्वाचे असतात, आणि तिथल्या दोन कोडॉनमध्ये निरुपद्रवी बदल घातले. जनुकीय संकेतावरचं माझं कुठलंही व्याख्यान त्या अर्ध्या तासाच्या जवळपासही जाणार नाही. पण मी पहिल्या पाचच मिनिटांत उत्तर सांगून टाकलं असतं तर तो अर्धा तास वाया गेला असता, आणि उत्तर न सांगता थांबून राहणं मला अजूनही जड जातं.

चौथ्या आठवड्यात एक छोटा प्रयोग घ्या: यीस्टच्या एडीई२ चा पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) तयार केलेला तुकडा, तयार कॅस९ प्रथिन आणि गाइड आरएनए एका नळीत, ३७ अंशांवर तासभर, मग जेल. गाइड चालतो की नाही याचा अंदाज येतो आणि हातही तयार होतो. यात एक गोष्ट मी मुद्दाम दोन प्रकारे करून घेते. कॅस९ कापल्यावर डीएनएची टोकं सोडत नाही, धरून बसतं. जेलवर चढवण्याआधी प्रथिन पचवणारं प्रोटिनेज के घातलं नाही, तर नमुना नीट सरकतच नाही, खाचेपाशी अडकतो किंवा फिसकटतो. अर्ध्या वर्गाला ते घालायला सांगते, अर्ध्याला नाही. एका बाजूला दोन स्वच्छ बँड, दुसऱ्या बाजूला फिकट ओघळ. "यांचं फसलं" म्हणणारा वर्ग दहा मिनिटांत "यांचं कापलंय, पण दिसत नाहीये" इथवर येतो. कापलं जाणं आणि कापलेलं दिसणं यांतला फरक त्यांना इथे पहिल्यांदा कळतो, आणि पुढे लाल कॉलनीपाशी तोच उपयोगी पडतो.

एक फसलेलं सत्रही सांगते, कारण तुम्ही नेमकं तेच विचारलं आहे. गाइड बसवायचं आमचं प्लाझ्मिड ज्या एन्झाइमने कापायचं होतं, ते बीसीएल१, टीजीएटीसीए हा क्रम ओळखतं. त्या क्रमाच्या मधोमध जीएटीसी आहे, आणि ई. कोलायच्या नेहमीच्या वाणांत एक एन्झाइम नेमक्या त्याच जीएटीसीवर मिथाइल गट चढवतं. तसा डीएनए बीसीएल१ कापत नाही. प्लाझ्मिड अशा मिथायलेशन न करणाऱ्या वाणात वाढवायचं असतं. मी घाईत नेहमीच्या वाणातून तयार केलेली बाटली वर्गाला दिली. १२ च्या १२ गटांचं जेल सारखंच फसलं. पहिले काही तास मला फार लाज वाटली, मग मी खरं काय ते सांगून टाकलं आणि विचारलं की कारण कसं शोधायचं. "सगळ्यांचं एकसारखं फसलं, म्हणजे चूक आमच्या हातात नाही, सगळ्यांना मिळालेल्या वस्तूत आहे," हे एका मुलाने मांडलं. एन्झाइमच्या माहितीपत्रकातली मिथायलेशनची ओळ दुसऱ्या गटाने शोधली. आठवडा गेला, पण तो आठवडा अभ्यासक्रमात मोजला गेला. त्यानंतर दोन नियम केले: सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक टप्पा मी किंवा सहायकाने त्याच बाटल्यांतून एकदा करून पाहायचा, आणि प्रत्येक टप्प्याला एक "तयार" नळी शीतपेटीत राखून ठेवायची, म्हणजे एखाद्या गटाचा क्लोन आला नाही तरी तो पुढच्या टप्प्यापासून मागे पडत नाही.

वेळापत्रक साधारण असं बसतं: तीन आठवडे रचना, चौथ्यात परीक्षानळीतला काप, पाचव्या-सहाव्यात गाइड प्लाझ्मिडमध्ये बसवणं आणि त्याचं सिक्वेन्सिंग, सातव्यात यीस्टचं पहिलं रूपांतरण, म्हणजे पेशींत प्लाझ्मिड आणि साचा घालणं. आठव्यात प्लेट वाचायच्या आणि कॉलनी पुन्हा रेषा ओढून शुद्ध करायच्या. नवव्यात कॉलनी पीसीआर आणि सिक्वेन्सिंगला पाठवणं. दहा ते बारा हे आठवडे दुसऱ्या फेरीसाठी रिकामे ठेवा, कितीही मोह झाला तरी त्यांत नवं काही कोंबू नका. ज्यांचं पहिल्यांदा जमलं ते दुसरा बदल करतील किंवा शेजारचं अमिनो आम्ल घेतील. ज्यांचं जमलं नाही ते पुन्हा करतील, पण काय बदलून करणार हे आधी लिहून. उरलेले दोन आठवडे मांडणी आणि लेखनाला.

सिक्वेन्सिंगचा निकाल संगणकाने जुळवून "बरोबर" म्हटला म्हणून थांबू देऊ नका, मूळ आलेख उघडायला लावा. एकगुणित यीस्टच्या शुद्ध कॉलनीत प्रत्येक जागी एकच शिखर हवं. एका जागी दोन शिखरं एकावर एक आली, तर कॉलनी मिश्र आहे, शुद्धीकरणाकडे परत जा. प्रत्येक गटाने किमान दोन लाल आणि दोन पांढऱ्या कॉलनी पाठवाव्यात असा माझा आग्रह असतो. सगळेजण फक्त लाल पाठवायला धावतात. पण "बदल झाला आणि तरी एन्झाइम चालू राहिलं" हे केवळ पांढऱ्या कॉलनीतच सापडणार असतं.

गुणांबद्दल माझं मत ठाम आहे: संपादन झालं की नाही याला एकही गुण नको. ज्या क्षणी यशाला गुण लागतात, त्या क्षणी शेजारच्याचा फोटो परत येतो. माझ्याकडे सर्वांत मोठा वाटा प्रयोगवहीला असतो, आणि वहीत मी एकच गोष्ट कसून तपासते: प्लेट उघडण्यापूर्वी लिहिलेलं भाकीत. "दुसऱ्या प्लेटवर तिसरीपेक्षा खूप कमी कॉलनी येतील, कारण..." हे तारखेसह आधी लिहिलेलं हवं. नंतर ते चुकलं तरी चालतं. चुकलेल्या भाकितावर जे लिहिलं जातं, तेच बहुधा वहीतलं सगळ्यात चांगलं पान असतं. दुसरा वाटा शेवटच्या निवेदनाला. त्यात प्रत्येक विधानासमोर पुरावा आणि त्या पुराव्याचं दुसरं कोणतं स्पष्टीकरण शक्य आहे, हे लिहायचं. "आमच्याकडे लाल कॉलनी आल्या, पण चारपैकी तीन सिक्वेन्समध्ये बेस गळालेला होता, म्हणून या बदलाबद्दल आम्ही अजून काही म्हणू शकत नाही", असं लिहिणाऱ्या गटाला मी पूर्ण गुण दिले आहेत. जोडीतला एकच हात काम करतो ही तक्रार सगळीकडे असते. त्यावर माझा उपाय म्हणजे दर आठवड्याला चिठ्ठी टाकून जोडीतल्या एकाने दोन मिनिटं तोंडी सांगायचं. कुणाची चिठ्ठी निघेल ते ठाऊक नसतं, म्हणून दोघंही तयारीत असतात.

जैवसुरक्षेची परवानगी आधी घ्या. जनुकीय बदल केलेले सजीव हाताळायला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते, आणि अर्ज लिहायलाही विद्यार्थ्यांना सोबत घ्यावं असं मला वाटतं. कचरा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाईल. प्रत्येक गाइड मानवी जीनोमशी पूर्ण जुळत नाही ना हेही तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एक रचना वर्गात कधीही येऊ देऊ नका: कॅस९ आणि गाइड यांची जनुकं एकत्र, आणि तीही गाइड जिथे कापतो त्याच जागी बसवलेली. अशी रचना लैंगिक प्रजनन करणाऱ्या सजीवात स्वतःला दुसऱ्या गुणसूत्रावर उतरवत जाते आणि पिढ्यांमागून पिढ्या पसरू शकते. २०१५ साली फळमाशीत हे प्रत्यक्ष दिसलं, आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या एका गटाने अशा प्रयोगांसाठी जादा सुरक्षाउपाय एकत्र येऊन मांडले. हुशार विद्यार्थी "दोन्ही एकाच तुकड्यात घातलं तर सोपं होईल" असं निरागसपणे सुचवतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. आमच्या यीस्टमध्ये कॅस९ सुट्या प्लाझ्मिडवर असतं, आणि बदल झाल्यावर ते काढून टाकतो. प्लाझ्मिडवर यूआरए३ जनुक असतं, त्यामुळे पाच-एफओए हे रसायन घातलेल्या माध्यमावर प्लाझ्मिड बाळगणाऱ्या पेशी मरतात आणि ते टाकून दिलेल्या पेशीच वाढतात.

नीतीविषयक चर्चा बहुतेक जण पहिल्या आठवड्यात उरकतात. मी ती कॉलनींच्या पहिल्या सिक्वेन्सिंगनंतर ठेवते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी भ्रूणावस्थेत संपादन केलेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. सीसीआर५ या (एचआयव्हीला पेशीत शिरायला उपयोगी पडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातला निसर्गात आढळणारा एक ठरावीक बदल नजरेसमोर होता, पण प्रत्यक्षात झालेले बदल तेच नव्हते. त्याआधी ही बातमी मुलांना लांबची वाटते. स्वतःच्या लाल कॉलनीत गळालेला बेस बघितल्यावर मात्र वर्गात शांतता पसरते. मग २०२३ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिकल सेलवरच्या उपचाराबद्दल बोलतो. तिथे पेशी शरीराबाहेर काढून, संपादन करून, तपासून रुग्णालाच परत देतात. "तपासून" हा शब्द तेव्हा मुलंच अधोरेखित करतात.

सुरुवातीला २४ ऐवजी १२ विद्यार्थी घेता आले तर घ्या, आणि आधी हा अभ्यासक्रम केलेल्या दोघांना पुढच्या वर्षी सहायक म्हणून ठेवा. शुद्ध केलेला, सिक्वेन्स वाचलेला प्रत्येक वाण ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवा. नळीवर वाण, बदल, गाइडचा क्रमांक आणि तारीख हवीच. नुसतं "आमची लाल" लिहिलेल्या नळ्या मी टाकून दिल्या आहेत. दर नव्या तुकडीचं पहिलं काम म्हणून मी त्या पेटीतल्या तीन नळ्या चिठ्ठी टाकून काढते आणि मागच्यांचा दावा तपासायला देते. एका वर्षी "गुलाबी, एन्झाइम अर्धवट चालू" अशी नोंद असलेली नळी निघाली. दोघा जणांनी ती कमी अ‍ॅडेनिनच्या प्लेटवर पसरून वाढवली. चार दिवसांनी प्लेटवर गडद लाल कॉलनी होत्या आणि पांढऱ्या होत्या, गुलाबी एकही नव्हती. साठवलेली कॉलनी मिश्र होती. त्यांनी मागच्या वर्षीच्या जोडीला पत्र लिहिलं, जोडीने जुनी वही काढून दाखवली की शुद्धीकरणाची दुसरी फेरी राहून गेली होती, आणि नकाशावरची ती जागा पुन्हा कोरी केली गेली. त्या सत्रात ती जागा याच दोघांनी घेतली.